गौसियाबीची सुरगाठ

गौसियाबी मला आवडत नव्हती. तिलाही मी आवडत नव्हतो. तरी आमच्या देऊळघाटात आम्ही दोघांनी जेवढ्या बाया मातीत पोचवल्या, तेवढ्या दुसऱ्या कोणी पोचवल्या नसतील. मुसलमानांच्या घरी बाई मेली की तिला शेवटची आंघोळ गौसियाबी घालायची आणि कफन बांधायची. कबर मी खोदायचो. माझा रोजचा धंदा विहिरी खोदण्याचा. पण ज्याच्या घरी पहार, त्यालाच कबरीसाठी हाक येते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. बुलढाण्याचे साहेब नागपूरकडे तोंड करून कारभार करायचे. गावात कोण नमाज पढतो आणि कोण नाही, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. ते घेणंदेणं आमच्या आम्हाला होतं, आणि पुरून उरण्याइतकं होतं.

गौसियाबी उंच, वाळकी, विधवा. नवरा पिंजारी होता, तो तरुणपणीच गेला. माझ्याहून वयानं मोठी म्हणून मी तिला आपा म्हणायचो. मान द्यायचा म्हणून नव्हे, तशी रीत म्हणून. तिची जीभ अडकित्त्यासारखी होती. अजानचा आवाज आला की बाकीच्या बाया डोक्यावर पदर घेऊन घरात जायच्या. ही ओट्यावर बसून अडकित्त्यानं कडकड सुपारी कातरायची. मशिदीत जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसायचं. दिसावं म्हणूनच ती तिथं बसते, असं मला वाटायचं. मी पाच वेळा नमाज पढणारा माणूस. ती कडकड माझ्या कानात खड्यासारखी बसायची.

कामात मात्र तिला नाव ठेवायला जागा नव्हती. बोरीचा पाला टाकून पाणी तापवायची आणि मुडद्यावर ओतण्याआधी आपल्या कोपरावर ओतून पाहायची, तान्ह्या लेकराचं पाहतात तसं. आंघोळ चालली असताना कोणी बोललं तर त्या बाईला बाहेर काढायची. मग ती मेलेलीची सख्खी बहीण का असेना. हे सगळं मी बायांच्या तोंडून ऐकलेलं. माझ्यापर्यंत पोचायची ती तिची गाठ.

कफन डोक्याकडे, कमरेला आणि पायाकडे चिंधीनं बांधतात, वाटेत सुटू नये म्हणून. मुडदा कबरीत उतरवला की त्या गाठी सोडायच्या असतात. मेलेल्या माणसाला बांधलेलं ठेवत नाहीत. बाईची कबर असली की वर चादर धरतात आणि आत फक्त तिचे मुलगे, भाऊ असे सख्खे उतरतात. मी वर चादरीचं टोक धरून उभा राहायचो. कबरीत जागा वीतभर, अंधार, मुलाच्या डोळ्यात पाणी. तिथं गाठीशी झटायला माणूस राजी नसतो. गौसियाबी सुरगाठ मारायची. चिंधीचं एक टोक लांब सोडलेलं. ते ओढलं की गाठ गेली. खालून लगेच आवाज यायचा, "सुटली." मग दुसरी, मग तिसरी. वाटेत मात्र ती गाठ कधी ढिली झाली नाही. हे सोपं नाही. मी मोटेचे दोर बांधलेले आहेत, म्हणून सांगतो.

माझ्या कामातही ती नाक खुपसायची. बाया कबरस्तानात येत नाहीत, पण ही खुशाल यायची. एकदा कबरीत वाकून म्हणाली, "काऊन बे निजाम, हे कबर हाय का घोरपडीचं बीळ? पश्चिमेची बाजू ढासळून राह्यली."

"तू तुह्यं काम पाहाय, आपा."

"माह्यं काम तुह्या खड्ड्यात जाते. म्हणून पाहा लागते."

मी परत उतरलो. वर काळी माती, खाली मुरूम. मुरमाला टेकू दिला नव्हता. बाजू खरंच ढासळत होती. मला तिचा आणखी राग आला.

विहिरीवर माझ्या जोडीला पंजाबराव असायचा. तो मला डिवचायचा, "निजाम, तुमच्यात मेल्यावर बी हजेरी घेते का रे? ते बुढी तर एक दिवस हजर नाई." मी त्याला म्हणायचो, तू घण मार. पण त्याचा टोमणा मला लागायचा, कारण तोच प्रश्न माझाही होता. मी पहाटे थंड पाण्यानं हातपाय धुऊन उभा राहतो, दिवसभर दगड फोडून कंबर मोडलेली असताना वाकतो. आणि ही बाई सुपारी खाते. दोघांचा हिशेब सारखाच होणार असेल, तर मग मी कशाला वाकतो?

बरीच वर्षं हे असंच चाललं, कारण मशिदीत अब्दुल गनी इमाम होते. सगळे त्यांना गनीचाचा म्हणत. ते तिला काही बोलत नसत. त्यांचे डोळे गेले तेव्हा गावानं अकोल्याकडून मौलवी कय्यूम यांना आणलं. तरुण, शिकलेले, कष्टाळू माणूस. मशीद स्वतः झाडायचे, पोरांना सकाळ-संध्याकाळ शिकवायचे. ते मला पसंत पडलं. पहिल्या काही जुम्म्यांतच त्यांनी सांगून टाकलं: जो जाणूनबुजून नमाज सोडतो त्याला नजात नाही, म्हणजे मेल्यावर त्याची सुटका नाही. दीन, म्हणजे धर्म, आणि बेदीन यांच्या मधली भिंत नमाजच आहे. अशा माणसाच्या जनाज्याची नमाज मी पढणार नाही.

गनीचाचा मागच्या भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "मौलवीसाहेब, अल्ला एकच हाय असा कलमा म्हणणाऱ्याले गुन्हेगार म्हणा. दीनाच्या बाहेर काढू नका. बाहेर काढाचं काम आपलं नाई."

"चाचा, तुमच्या असल्या नरमाईनंच गाव बिघडलं."

"बिघडलं असंल. पण मेलेलं गाडून तं राह्यलं."

काही लोक हसले. मौलवी हसले नाहीत. मीही नाही. मला मौलवींचं म्हणणं पटलं होतं.

त्याच आठवड्यात मौलवी तिच्या ओट्यासमोर उभे राहिले. मी तिथून पहार घेऊन चाललो होतो, थांबलो.

"बीबी, नमाज काऊन पढत नाही?"

"नाई पढत." कडकड चालूच.

"मंग नजात कशी मिळंल?"

"ते त्याच्या अन् माह्या मंदात हाय. तुमी कोण, दलाल?"

मौलवींचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "जिचे स्वतःचे हात नमाजीसाठी धुतले जात नाहीत, ती दुसऱ्याच्या मय्यतीला पाक करते. हे यापुढं चालणार नाही. आणि तू अशीच मेलीस तर मी तुझा जनाजा पढणार नाही. ऐकून ठेव."

"ऐकलं," ती म्हणाली. "अन् मी मेल्यावर तुमच्या घरी येऊन बसली तं?"

जमातीची बैठक बसली. ठरलं की गौसियाबीनं मय्यतीला हात लावायचा नाही. बांगड्या विकणाऱ्या हबीबची बायको अजीजुन्निसा पाच वेळची नमाजी होती. ते काम तिच्याकडे दिलं. बिचारीला येतं की नाही, हे कोणी विचारलं नाही. मीही हात वर केला होता.

दुसऱ्या दिवशी मी गौसियाबीकडे गेलो. दया आली म्हणून नव्हे. काम अडू नये म्हणून. म्हटलं, "आपा, पढाले काय जड जाते तुले? येत तं असंल."

"येते. चांगली येते. उस्तानीनं छडी मारून शिकवली. कशानं नमाज तुटते थे सारं पाठ करून घेतलं. बोललं की तुटते, हासलं की तुटते, मान वळवली की तुटते. जाणून तोडली तं दोजख."

"मंग?"

तिनं अडकित्ता खाली ठेवला. ओट्यावर तिच्या हातात तो नसताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

"मानमोडीचं साल होतं," ती म्हणाली. त्या साथीत आमच्या गावात घरटी माणूस गेलं होतं, ते मलाही आठवत होतं. "माह्या पोराले ताप होता. जरा निजला म्हणून मी दिवस कलल्यावरच्या असरच्या नमाजीले उभी राह्यली. मागून त्यानं पाणी मांगतलं. मी म्हटलं, पुरी करू, मंग देऊ. तोडली तं गुन्हा. तुटली तं पोराले लागंल. त्यानं आणखी एक खेप मांगतलं. मी घाई नाई केली. बराबर पढली. नमाज संपवाचा सलाम फेरला, पाण्याचा गिलास घेऊन गेली, तं थो गेला होता."

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"पुढं गनीचाचाले इचारलं, माह्यी थे नमाज कबूल झाली का? थो बुढा रडाले लागला. म्हणे, बाई, अशा वेळी नमाज तोडाची असते. तोडनंच फर्ज असते. जीवापुढं नमाज थांबते." ती माझ्याकडे पाहत होती, जणू मीच छडीवाली उस्तानी. "कशानं तुटते थे साऱ्यायनं सांगतलं. कवा तोडाची, थे एकानं नाई सांगतलं. आता मी उभी राह्यली का मागून पाणी मांगते. कसं पढू? सांग, तू तं लय नमाजी."

मी उठलो. घरी येताना मला राग आला होता, पण तो तिचा नव्हता. मी माणसांना काम शिकवलेलं आहे. पहार कशी मारायची हे शिकवलं आणि सुरुंग लागल्यावर कधी पळायचं हे सांगितलं नाही, तर तो माणूस मी मारला. अर्धं शिकवलेलं काम न शिकवलेल्यापेक्षा वाईट. तरी नमाज लागते, हे माझं मत बदललं नाही. मजुराला मालक कसा का असेना, कामावर जावंच लागतं. मी एवढंच केलं, की पुन्हा तिला त्याबद्दल विचारलं नाही.

पावसाळ्यात हुस्नबानो वारली. जमातीच्या मुखियाची आई, भरल्या घरातली म्हातारी. अजीजुननं तिला आंघोळ घातली, कफन बांधलं. मी कबर काढली, मुरमाला नीट टेकू दिला. चादर धरली. मुखिया आणि त्याचा भाऊ आत उतरले. म्हातारीला ठेवलं. मी खालच्या शब्दाची वाट पाहू लागलो. शब्द येईना.

"काय झालं?" मी विचारलं.

"गाठ सुटत नाई," मुखिया म्हणाला.

अजीजुननं निरगाठी मारल्या होत्या, एकीवर एक. घट्ट असावं म्हणून, भीतीनं. वरून भुरभुर पाऊस. चिंधी भिजून आणखी आवळलेली. दोघं भाऊ नखांनी ओरबाडत होते. कोणी म्हटलं विळा द्या, कोणी म्हटलं आईच्या अंगाजवळ विळा नेतो का बे. मौलवी दुआ थांबवून म्हणाले, "राहू द्या. गाठ सोडणं फर्ज नाही. न सोडली तरी चालतं."

मुखियानं खालून मान वर केली. "माह्या मायले बांधून ठेवू? कयामतीपर्यंत?"

"रीत आहे ती. फर्ज नव्हे."

गनीचाचांना एक नातू हात धरून घेऊन आला होता. ते आंधळे डोळे मिटून म्हणाले, "वा मौलवीसाहेब. फर्ज कोणतं अन् कोणतं नाई, हे आज बरं याद आलं."

मुखियानं शेवटी दातानं गाठ तोडली. चिंधीबरोबर कफन फाटलं आणि म्हातारीचा चेहरा उघडा पडला. त्यानं आपलं पागोटं सोडून तो झाकला. परतताना लोक मौलवींच्या मागून चालले, बरोबरीनं नाही.

घरी अजीजुनला बायांनी फाडून खाल्लं. सासू म्हणाली, गोण बांधली का मय्यत? अजीजुन रडली, पण घरात बसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्यांच्या समोरून, ती गौसियाबीच्या घरी गेली. मी तेव्हा गौसियाबीच्या परसात न्हाणीच्या पाण्यासाठी खड्डा काढत होतो, म्हणून पुढचं मी ऐकलं.

"खाला, मले शिकवा."

"काऊन? तू तं नमाजी. तुले आपोआप याले पायजे."

"नाई आलं."

"नाई आलं म्हणतेस, हे बरं हाय. गावात दुसऱ्या कोणाले हे म्हणता येत नाई. आण तो लोड."

गौसियाबीनं रुईचा लोड चटईवर टाकला आणि तिला चिंधी दिली. अजीजुननं बांधली. गौसियाबीनं ती ओढून सोडली. "ढिली. रस्त्यात उघडी पडंल. परत." पुन्हा बांधली. "आता आवळली. लोडानं तुह्यं काय केलं? परत." ऊन उतरेपर्यंत हेच चाललं. माझा खड्डा झाला, मी हातपाय धुतले, तरी त्यांचं "परत" संपलं नव्हतं. मधेच अजीजुननं विचारलं, "खाला, तुमी नमाज काऊन नाई पढत?"

मला वाटलं आता ही तिला हाकलणार. गौसियाबी म्हणाली, "गाठीकडे पाहाय." मग चिंधी सरळ करत तिनं सांगितलं. मला सांगितलेलंच. अजीजुननं ऐकलं आणि पुन्हा गाठ बांधली.

बंदी उठली नाही. मौलवींना ती उठवता आली असती. त्यांनी उठवली नाही. अजीजुनच सगळ्यांना आंघोळ घालायची, आणि गाठी पुन्हा "सुटली, सुटली" म्हणत सुटू लागल्या. गाव समजायचं ते समजलं. मौलवी गौसियाबीच्या ओट्यासमोरून जाताना मान दुसरीकडे करायचे. ती अडकित्ता जोरात वाजवायची. गनीचाचा वारले. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, कापड मिळेनासं झालं, कफनासाठी लोक वणवण फिरू लागले. गौसियाबीनं आपलं कापड पेटीत आधीच ठेवलं होतं. मला एकदा म्हणाली, "कापड हाय, बांधणारी हाय, खोदणारा बी हाय, घोरपडीचं बीळ काढणारा. पढणारा नाई एवढंच."

"पढून टाक ना मंग, आपा. चार दिवस."

"आता भेवानं पढू? ते बी त्याले कळंल ना बे."

उन्हाळ्यात ती गेली. दोन दिवस पडून होती, अजीजुन जवळ होती. निरोप आला तेव्हा मी पहार घेऊन आधी मशिदीत गेलो. मौलवी नमाजीआधी हातपाय धूत, वजू करत होते.

"गौसियाबी वारली," मी म्हटलं. "असरच्या आधी कबर तयार होते."

"मी पढणार नाही. मी तिला तोंडावर सांगितलं होतं."

तोवर पाच-सात माणसं जमली. मुखिया आला. अजीजुनचा नवरा हबीब आला. दरवाज्याबाहेर भिंतीआड अजीजुन उभी होती.

मौलवींनी तिला विचारलं, "मरताना कलमा तरी पढली का? तेवढं सांग. मी ऐकून घेईन."

म्हणजे एक फट त्यांनी ठेवली होती. अजीजुन हो म्हणाली असती तर काम झालं असतं. आम्ही सगळे तिच्या उत्तराकडे कान लावून होतो.

"मी नाई ऐकला," अजीजुन म्हणाली. "मी तिच्या खाटेजवळच दुपारच्या, जोहरच्या नमाजीले उभी होती. मागून तिनं पाणी मांगतलं. मी नमाज तोडली अन् पाणी देल्लं."

"मग?"

"पेली. माह्याकडे पाह्यलं. म्हणे, 'जाय, आता आपली नमाज पुरी कर.' मी परत पहिल्यापासून पढली. सलाम फेरला तं गेली होती."

मौलवींनी ओले हात पुसले. मग म्हणाले, "नमाज तोडलीस ते बरोबर केलंस. पण कलमा नाही ऐकला, तर मी नाही पढणार." आणि आत गेले.

हा माणूस पुढं मला आवडेनासा झाला होता. पण बोलला त्याला पक्का राहिला, हे मी नाकारत नाही. ढिली गाठ त्यालाही मारता येत नव्हती आणि सुरगाठ त्याला कोणी शिकवली नव्हती.

मी लोकांना म्हटलं, "मौलवीसाहेबांनीच शिकवलं ना आपल्याले? जनाज्याची नमाज साऱ्या गावावर असते. एकानं पढली तं साऱ्यायच्या डोक्यावरून उतरते. कोणीच नाई पढली तं सारं गाव गुन्हेगार. बोजा हाय. मी उचलतो."

"तुले येते का रे?" मुखियानं विचारलं.

"उभ्यानंच पढाची असते. चार तकबिरा, चार खेपा अल्लाहू अकबर. एवढं येते."

अजीजुन तिला आंघोळ घालायला गेली. मी आधी कबर काढली. मुरूम कोरडा होता, पहार खणखणत होती. पश्चिमेची बाजू दोनदा तासली. मग हातपाय धुऊन पुढं उभा राहिलो. मागं किती जण उभे होते, ते मी वळून पाहिलं नाही. नमाजीत मान वळवत नाहीत. मुखिया होता, कारण त्याचा खोकला मला ओळखू आला.

तिचं सख्खं कोणी नव्हतं. म्हणून कबरीत मी उतरलो आणि माझ्यासोबत हबीब. तिला उजव्या कुशीवर केलं, तोंड पश्चिमेला. वर चादर धरलेली, आत अर्धा उजेड. मी डोक्याकडचं टोक चाचपलं. लांब सोडलेलं होतं. ओढलं. सुटली. कमरेची सुटली. पायाकडची चिंधी पाण्यानं ओली राहिली होती, मला वाटलं ही अडणार. तीही सुटली.

"सुटली," मी वर सांगितलं.

तिला नजात मिळाली की नाही, हे मला माहीत नाही. ते माझं काम नाही. माझ्या मतानं तिनं नमाज पढायला पाहिजे होती. आजही माझं मत तेच आहे. मी वर दगडाच्या फाड्या लावल्या, सांधीत चिखल भरला, माती ओढली, वर पाणी शिंपडलं.

घरी आलो तेव्हा असरची वेळ निघून चालली होती. सून आत नातवाला निजवत होती. त्याला दोन दिवसांपासून ताप होता. माझी नमाजीची चटई त्याच्या खोलीकडे पाठ होईल अशी टाकलेली होती. मी ती उचलली, त्याचा आवाज ऐकू येईल अशी त्याच्या दारात आणून टाकली आणि तिथं नमाजीला उभा राहिलो.